जीवशास्त्राच्या वर्गातील ऐकीव पुरावा



साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहून एखादा इसम "मला अमक्याने सांगितले" असे म्हणू लागला, की समोरचा वकील तत्काळ हरकत घेतो. स्वतःच्या डोळ्यांनी काय पाहिलेस, स्वतःच्या कानांनी काय ऐकलेस, तेवढे सांग, असा न्यायालयाचा दंडक आहे. १८७२ चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अंमलात आला, परंतु हा दंडक कायम राहिला. तोंडी पुरावा हा प्रत्यक्ष असलाच पाहिजे.

आता आपल्या घरातील नववीच्या वा दहावीच्या विद्यार्थ्यास हाच दंडक लावून पाहा. हिरवी वनस्पती आपले अन्न कसे तयार करते, असे विचारा. तो प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या एका दमात म्हणून दाखवील, समीकरणही लिहील. मग विचारा, "हे तुला कसे कळले?" तो म्हणेल, "पुस्तकात आहे." पुस्तक लिहिणाऱ्यास कसे कळले, असे विचारल्यास तो गोंधळून तुमच्याकडे पाहत राहील. ह्यात त्याचा काही दोष नाही. शाळेत हा प्रश्न त्याला कोणी विचारलेलाच नसतो. जीवशास्त्राचा सारा विषय त्याच्या पदरी ऐकीव पुरावा म्हणून पडलेला असतो, आणि परीक्षेत तो तसाच परत करावयाचा असतो.

आपण ज्या कुटुंबांतून धम्मदीक्षा घेऊन आलो, त्या कुटुंबांस ह्या गोष्टीचे महत्त्व अधिक कळावयास हवे. घरातील देव्हारा हलविताना, अंगात येणे, नवस, सोयर-सुतक ह्यांस रजा देताना आपण एकच प्रश्न विचारला होता: हे कशावरून? तोच प्रश्न आपली मुलगी विज्ञानाच्या पुस्तकास विचारू लागली, तर मात्र आपणच तिला म्हणतो, "लिहिले आहे तेवढे पाठ कर, उगाच डोके चालवू नकोस." शिकवणीवाल्या मास्तरांचेही हेच म्हणणे असते आणि अपेक्षित प्रश्नसंचाचेही. प्रश्न विचारणाऱ्या घरातील मूल शाळेच्या दारात प्रश्न काढून ठेवून आत जाते, ही स्थिती मला फार गंभीर वाटते.

ह्यावर कोणी म्हणेल, की शास्त्रज्ञांनी शंभर-दोनशे वर्षे खपून शोधलेली गोष्ट पोराने एका तासात पुन्हा शोधून काढावी काय? तसे कोणीच म्हणत नाही. शास्त्रज्ञ कोठून निघाला, कोठे अडखळला आणि त्याने कोणता पुरावा ग्राह्य धरला, ही वाट विद्यार्थ्याने एकदा तरी चालून पाहावी, एवढेच मागणे आहे. अमेरिकेत १९५८ साली जीवशास्त्राच्या शालेय अभ्यासक्रमाची पुनर्रचना करण्यासाठी एक मोठी संस्था उभी राहिली. शिकागो विश्वविद्यालयाचे जोसेफ श्वॉब हे तिच्या कार्यातील एक प्रमुख विचारवंत. पाठ्यपुस्तके केवळ निष्कर्ष सांगतात आणि ते निष्कर्ष कसे निघाले हे दडवितात, अशी त्यांची तक्रार होती. म्हणून १९६३ साली निघालेल्या शिक्षकांच्या हस्तपुस्तकात 'शोधाची निमंत्रणे' ह्या नावाचे ४४ पाठ घालण्यात आले. शिक्षकाने एखाद्या प्रयोगाची हकीकत अर्ध्यावर आणून सोडावयाची आणि पुढचा तर्क वर्गाने करावयाचा, अशी त्यांची घडण होती. ह्या पद्धतीस यंत्रसामग्री लागत नाही. खडू आणि फळा पुरतो. आपल्या खेड्यापाड्यांतील शाळांच्या दृष्टीने तिचे मोल तेथेच आहे.

एक उदाहरण विस्ताराने घेऊ. सतराव्या शतकात यान व्हान हेल्मोंट नावाचा एक फ्लेमिश वैद्य होता. त्याने भट्टीत वाळविलेली दोनशे पौंड माती एका कुंडीत भरली, तीत पाच पौंड वजनाचे विलो झाडाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्यास केवळ पाणी घातले. धूळ पडू नये म्हणून कुंडीवर भोके पाडलेले पत्र्याचे झाकण बसविले. पाच वर्षांनी झाड भरले १६९ पौंड आणि सुमारे ३ औंस. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती केवळ दोन औंसांनी घटली होती. ही हकीकत त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापली गेली.

शिक्षकाने येथे थांबावे. खडू खाली ठेवावा. हे १६४ पौंड कोठून आले, एवढाच प्रश्न विचारावा आणि वर्गास पाच मिनिटे बोलू द्यावे. बहुतेक मुले प्रथम 'मातीतून' असे म्हणतील. शेतकऱ्याचीच नव्हे, शहरातील मुलेही तसेच म्हणतात, कारण झाड मातीत उभे असते. त्यांस दोन औंसांचा आकडा दाखवावा. मग ती 'पाण्यातून' म्हणतील. व्हान हेल्मोंटही हेच म्हणाला. आता खरी उलटतपासणी सुरू होते. त्याने पाणी मोजले होते काय? कुंडीस माती आणि पाणी ह्यांखेरीज आणखी कशाचा स्पर्श होत होता? जी वस्तू त्याने तोललीच नाही, तिला त्याने निर्दोष कसे ठरविले? कोणीतरी मागच्या बाकावरून हळूच 'हवा' असे म्हणेल, आणि त्या क्षणी वर्ग जीवशास्त्र शिकू लागेल.

'गॅस' हा शब्द ह्याच व्हान हेल्मोंटने रूढ केला. कोळसा जाळला असता वायू निघतो हे त्याला ठाऊक होते. उत्तर त्याच्या अंगणात उभे होते आणि त्यास दिसले नाही. पुढे १७७९ मध्ये इंगेनहाउस ह्याने सूर्यप्रकाशाचे व हिरव्या भागांचे कार्य दाखविले, आणि १८०४ मध्ये द सोस्यूर ह्याने वजने मोजून सिद्ध केले की झाडाच्या शरीरात हवेतील कार्बन आणि पाणी ही दोन्ही येतात. सुक्या लाकडाच्या वजनापैकी जवळजवळ निम्मा भाग कार्बनचा असतो, आणि तो हवेतून आलेला असतो. ही वाट चालून आलेल्या मुलास समीकरण पाठ करावे लागत नाही. आणि पाठ केलेच, तर त्यातील प्रत्येक अक्षर कोणत्या वादाचा निकाल आहे हे त्यास ठाऊक असते.

वकिलाच्या नजरेस येथे आणखी एक गोष्ट दिसते. आपल्या साक्षीदाराची सरतपासणी घेताना सूचक प्रश्न विचारावयाची मनाई असते. म्हणजे प्रश्नाच्या पोटातच उत्तर घालून द्यावयाचे नसते. आपल्या शाळांतील तास बहुधा सूचक प्रश्नांवरच चालतात. "वनस्पती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात, की नाही?" आणि साठ मुले एका सुरात "हो" म्हणतात. ह्या 'हो'ची पुराव्याच्या दृष्टीने किंमत शून्य आहे.

दुसरे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. ते तुम्हांसही वाटेल.

व्हिएन्ना शहराच्या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि वैद्यकाचे विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यात सुइणी. १८४६ साली पहिल्या विभागात ४०१० बाळंतपणांमागे ४५९ स्त्रिया दगावल्या, म्हणजे शेकडा ११.४. दुसऱ्यात ३७५४ बाळंतपणांमागे १०५, म्हणजे शेकडा २.८. मरण बहुतांशी एकाच रोगाचे, सूतिकाज्वराचे. इग्नाझ सेमेलवाइस ह्या तरुण डॉक्टरास हा आकडा झोपू देईना.

हे दोन आकडे फळ्यावर लिहून शिक्षकाने वर्गास विचारावे: कारणे काय असू शकतील? मुले सांगतील ती सर्व लिहून घ्यावीत, एकही हसण्यावारी नेऊ नये. मग प्रत्येक कारणापुढे एक वाक्य पुरे करावयास सांगावे: 'हे कारण खरे असेल, तर अमुक दिसावयास हवे.' अमेरिकेतील ॲरिझोना येथील प्राध्यापक अँटन लॉसन ह्यांनी जीवशास्त्राचे अध्यापन करताना ह्याच 'जर, तर आणि म्हणून' ह्या साखळीवर आयुष्यभर भर दिला. रोग शहराच्या दूषित हवेमुळे होत असेल, तर दोन्ही विभागांत सारखाच व्हावा. तसा तो होत नव्हता. गर्दीमुळे होत असेल, तर दुसऱ्या विभागात अधिक व्हावा, कारण गर्दी तेथेच अधिक होती. मरणासन्न स्त्रीसाठी घंटा वाजवीत पाद्री पहिल्या विभागातून जातो, त्या भीतीने बाळंतिणी मरतात, असेही एक म्हणणे होते. सेमेलवाइसने पाद्र्यास दुसऱ्या वाटेने, घंटा न वाजविता जावयास लावले. मरणे थांबली नाहीत. स्त्रियांस कुशीवर निजवून बाळंत करण्याची सुइणींची रीतही पहिल्या विभागात आणून पाहिली. फरक पडला नाही. एकेक आरोपी असा निर्दोष सुटत गेला.

१८४७ च्या मार्च महिन्यात त्याचा एक सहकारी, कोलेच्का, शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून मरण पावला, आणि त्याच्या शरीरात बाळंतिणींच्या रोगाचीच लक्षणे आढळली. येथे शिक्षकाने पुन्हा थांबावे. दोन्ही विभागांतील फरक आता मुलांना स्वतःहून सुचला पाहिजे: डॉक्टर आणि विद्यार्थी शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीकडे येत, सुइणी शवविच्छेदन करीत नसत. मे महिन्यापासून सेमेलवाइसने हात क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने धुण्याची सक्ती केली. १८४८ साली पहिल्या विभागातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा सव्वाच्या आसपास आले, दुसऱ्या विभागाइतकेच.

आता ह्या हकीकतीकडे आपल्या दृष्टीने पाहा. आपल्याकडील अनेक गावांत नाळ कापण्याचे व बाळंतिणीचे कपडे धुण्याचे काम अस्पृश्य मानलेल्या स्त्रियांकडे असे, आणि त्या कामामुळेच त्यांच्या स्पर्शास विटाळ म्हटले जाई. ह्या विटाळाचा पुरावा कोणी मागितला नाही, कोणी दिला नाही. तिकडे व्हिएन्नात ज्यांच्या हातांनी मृत्यू पसरत होता ते शहरातील मानाचे डॉक्टर होते, आणि ज्यांच्या विभागात स्त्रिया वाचत होत्या त्या सुइणी होत्या. संसर्ग जात विचारीत नाही. कोणाचा हात कोठे लागून आला, एवढेच तो पाहतो. साबणाने तो धुऊन निघतो. मानलेला विटाळ धुऊन निघत नाही, कारण तो हातावर नसतोच. सुतक आणि संसर्ग ह्या दोन कल्पना शेजारी शेजारी ठेवून, 'ह्यांपैकी कोणती तपासून पाहता येते? कशी?' असा प्रश्न दहावीच्या वर्गात विचारला गेला, तर तो जीवशास्त्राचा उत्कृष्ट प्रश्न होईल. तो नागरिकशास्त्राचाही होईल, ते निराळे. वरिष्ठांनी सेमेलवाइसचे म्हणणे मानले नाही, आणि १८६५ साली वेड्यांच्या रुग्णालयात त्याचा अंत झाला, हेही मुलांस सांगावे. पुरावा असूनही माणसे ऐकत नाहीत, हे ज्ञान आपल्या मुलांना पुढे उपयोगी पडेल.

रक्तगटांचा धडाही असाच आहे. तो आमच्या व्यवसायाच्या अगदी जवळचा. ए, बी, एबी आणि ओ ह्या गटांची आनुवंशिकता मुले तक्त्यावरून पाठ करतात. त्याऐवजी त्यांस एक दावा द्यावा: बालकाचा गट ओ, आईचा ए, आणि ज्यास पिता म्हटले जाते त्याचा एबी. हा पिता असू शकेल काय? सामान्य नियमाने नाही. आणि त्याचा गट ओ असता तर? असू शकेल, परंतु ओ गटाची इतर लक्षावधी माणसेही असू शकतील. म्हणजे रक्तगट एखाद्यास वगळू शकतो, एखाद्याविरुद्ध सिद्ध करू शकत नाही. वगळणे आणि सिद्ध करणे ह्यांतील भेद ज्यास पंधराव्या वर्षी कळला, तो पुढे वकील होवो, डॉक्टर होवो की पंच म्हणून बसो, त्याच्याकडून अन्याय होण्याचा संभव कमी.

मग मुंबईची गोष्ट सांगावी. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक असा रक्तगट शोधला, की जो नेहमीच्या तपासणीत ओ सारखा दिसतो, परंतु त्या व्यक्तीस ओ गटाचे रक्तही चालत नाही. जगात तो 'बॉम्बे रक्तगट' म्हणून ओळखला जातो. अशा व्यक्तीच्या अंगी ए किंवा बी चा जनुक असू शकतो, तो प्रगट होत नाही एवढेच. म्हणून आईबाप दोघेही ओ दिसत असता मूल ए निघू शकते. नियम पाठ करणारा मुलगा येथे आईवर संशय घेईल. विचार करणारा मुलगा आधी विचारील, "तपासणी कोणती केली होती?" ह्या एका प्रश्नावर एका स्त्रीची अब्रू अवलंबून राहू शकते.

शिक्षकांची अडचण मला ठाऊक आहे. वर्गात साठ मुले, वर्षाच्या आत पुरा करावयाचा अभ्यासक्रम, निवडणुकीची आणि जनगणनेची कामे, आणि शेवटी बोर्डाची परीक्षा. मी ज्या शाळेत शिकलो, तेथे सूक्ष्मदर्शक एकच होता, आणि तो कुलुपाच्या कपाटात असे. कांद्याच्या पेशी आम्ही फळ्यावरून उतरवून घेतल्या. परंतु परीक्षा जशी असेल तसे शिक्षण होते, हेच खरे. मध्यप्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत सुरू झालेल्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने हे नेमके ओळखले होते. सहावी ते आठवीची मुले प्रयोग करून शिकत, आणि परीक्षेस पुस्तक उघडे ठेवून बसत. कारण उत्तर पुस्तकात सापडण्याजोगे नसेच. १९७८ पर्यंत तो कार्यक्रम जिल्हाभर पसरला. सरकारी शाळांतील साधे शिक्षक तो चालवीत होते. २००२ साली राज्य सरकारने तो बंद केला. पैशाअभावी किंवा मुलांच्या कुवतीअभावी हे जमत नाही, असे म्हणणाऱ्यांना तीस वर्षांचा हा दाखला पुरेसा आहे.

आणि धडा पुस्तकात असणे म्हणजे तो शिकविला जाणे नव्हे. २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हा अठराशेहून अधिक शास्त्रज्ञांनी व शिक्षकांनी निषेधपत्र काढले. ते योग्यच झाले. परंतु जेथे तो धडा शाबूत आहे, तेथेही डार्विनचे नाव आणि चार मुद्दे पाठ करून घेतले जात असतील, तर निषेधास अर्धाच अर्थ उरतो.

'आमच्या मुलास डॉक्टर व्हावयाचे आहे, त्याला असले खेळ परवडणार नाहीत,' असे म्हणणारे पालक पुष्कळ आहेत. त्यांनी हिशोब पाहावा. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे असतात. ७२० गुणांपैकी ३६०. त्यांत विधान देऊन त्याचे कारण तपासावयास सांगणारे प्रश्न असतात. विधान खरे, कारणही खरे, परंतु हे त्या विधानाचे कारण आहे काय? घोकंपट्टी करणारे मूल नेमके येथे अडते. श्रीमंताचे मूल दोन वर्षे महागडी शिकवणी लावून ती उणीव भरून काढील. आपल्या मुलाजवळ शाळाच तेवढी आहे. म्हणून शाळेतील अध्यापन सुधारण्याची गरज इतरांपेक्षा आपल्याला अधिक आहे.

कायदा ह्या बाबतीत काय देतो, ते पाहू. संविधानाच्या अनुच्छेद ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टी आणि शोधक बुद्धी ह्यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. ते १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने आले. कर्तव्यावर दावा लावता येत नाही, हे खरे. परंतु २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम २९ अधिक स्पष्ट आहे. कृती, शोध आणि अन्वेषण ह्यांच्या द्वारे शिक्षण, मुलास भयमुक्त करून त्याचे मत मोकळेपणाने मांडू देणे, आणि त्याच्या समजेचे व ती समज वापरण्याच्या शक्तीचे मूल्यमापन, ह्या गोष्टी त्यात नमूद आहेत. हा कायदा आठवीपर्यंतच लागू आहे, हे ध्यानात ठेवावे. नववी-दहावीसाठी त्याचा आधार घेता येणार नाही. पण सवय आठवीपर्यंतच लागते. त्याच कायद्याच्या कलम २१ नुसार विनाअनुदानित शाळा सोडून इतर शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात, निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात, आणि वंचित घटकांतील मुलांच्या पालकांस त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. आपल्यापैकी कितीजण त्या सभेस जातात? कितीजणींची केवळ सही घरी येऊन घेतली जाते?

सभेस गेल्यावर भांडण करू नये. शिक्षकास आरोपी करून काही साधणार नाही. त्यांच्यापैकी अनेकांना असेच शिकवावयाचे आहे, त्यांस पाठबळ हवे आहे. विचारावयाचे ते नेमके विचारावे. ह्या वर्षी मुलांनी स्वतःच्या हाताने किती प्रयोग केले? प्रयोगवहीतील निरीक्षणे वर्गात घेतली, की फळ्यावरून उतरविली? पन्नास मुलांच्या वह्यांत एकच आकडा कसा येतो? घटक चाचणीत पुस्तकाबाहेरील माहिती देऊन तर्क करावयास लावणारा एक तरी प्रश्न होता काय? प्रयोगशाळेचे साहित्य शेवटचे कधी खरेदी झाले आणि ते कोणत्या कपाटात आहे? माध्यमिक शाळेबाबत ह्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तोंडी मिळाले नाही, तर माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांच्या कार्यालयात दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करावा. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबास ते शुल्कही नाही. उत्तरास तीस दिवसांची मुदत आहे. अर्जाची पोच घेण्यास विसरू नये, आणि सूक्ष्मदर्शकांची संख्या, खरेदीचा दिनांक व साठा नोंदवहीतील पानाची प्रत, ही तीन कलमे वेगवेगळी मागावीत. एकत्र मागितल्यास एकाचे उत्तर देऊन दोन गाळली जातात.